खुर्ची कोणाच्या मापाची?

मी उर्दू शाळेत मराठी शिकवतो. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये पाचवीच्या वर्गात एक मुलगा आला. आला म्हणजे त्याच्या अम्मीने त्याला कडेवर आणलं. अकरा वर्षांचं पोर, पाय ताठ, हात वाकडे, बोलणं थोडं अडखळत, पण डोळे विलक्षण हुशार. सेरेब्रल पाल्सी. ती बाई त्याला रोज सकाळी आणायची, बाकावर टेकवायची, दुपारी परत न्यायची. त्याचं वजन वाढत होतं आणि तिची कंबर खचत होती.

एक दिवस मी विचारलं, "आपा, याला शिबिरात गाडी मिळाली होती ना?" मिळाली होती हे मला पक्कं माहीत होतं, कारण त्या शिबिराचं सूत्रसंचालन मीच केलं होतं. मान्यवरांच्या हस्ते वाटप, शाल, श्रीफळ, टाळ्या, फोटो. याचं नाव मीच माईकवर पुकारलं होतं. ती म्हणाली, "मिली ना सर. पर बच्चे के हाथां पोंचतेच नहीं उसको."

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. अंगणात ती तीनचाकी उभी होती, मोठ्या माणसाच्या मापाची, हाताने पेडल फिरवून चालवायची. ज्याच्या हाताची बोटं धड उघडत नाहीत, त्याला हाताने चालवायची गाडी दिली होती! तिच्यावर ओले कपडे वाळत घातले होते. ते पाहून मला माझ्याच त्या दिवशीच्या आवाजाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये हा विषय निघाला. एक सहकारी म्हणाले, "मिशनवाल्यांकडे जा. ते खुर्ची देतात. फक्त बदल्यात धर्म घेतात." सगळे हसले. मीही हसलो. पण मनात प्रश्न राहिला की हे खरं आहे का? चाकांची खुर्ची आणि मिशन यांचं नातं काय? तेव्हापासून मिळेल ते वाचत गेलो. त्या वाचनातून जे हाती लागलं, ते आज तुमच्यासमोर मांडतो.

तेतुआनचा रस्ता

ही गोष्ट सुरू होते एका मुस्लिम देशात. मोरोक्कोच्या उत्तरेला तेतुआन नावाचं शहर आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस डॉन शॉनडॉर्फर नावाचा एक तरुण अमेरिकन इंजिनिअर पत्नीसोबत तिथे फिरायला गेला होता. त्याने पाहिलं की एक बाई धुळीच्या रस्त्यावर हातांच्या जोरावर स्वतःला ओढत रस्ता ओलांडते आहे. आजूबाजूने माणसं जात होती आणि कोणी तिच्याकडे पाहत नव्हतं.

वाचक हो, आपण इथे क्षणभर थांबू या. तेतुआनमध्ये मशिदी होत्या, जकात देणारी माणसं होती, शुक्रवारचे खुतबे होते. त्या बाईच्या बाजूने जाणारे लोक वाईट होते असं मी म्हणणार नाही. त्यांना तिची सवय झाली होती, इतकंच. आपल्या स्टँडवर, दर्ग्याच्या दारात, जुम्याला मशिदीच्या पायऱ्यांवर बसलेल्यांची आपल्याला झाली आहे तशीच. तो पाहुणा होता, म्हणून त्याला ती दिसली.

दिसली, पण त्यानेही लगेच काही केलं नाही. एमआयटीसारख्या नामवंत संस्थेतून डॉक्टरेट घेऊन तो वैद्यकीय उपकरणं बनवण्याच्या क्षेत्रात रमला. वीसेक वर्षं गेली. ती बाई मात्र मनातून गेली नाही. शेवटी कॅलिफोर्नियातल्या घराच्या गॅरेजमध्ये त्याने स्वस्तात स्वस्त व्हीलचेअर बनवण्याचा उद्योग सुरू केला. नवी वस्तू घडवायची तर साचे आणि कारखाना हवा, खर्च वाढणार. म्हणून जगात आधीच लाखोंनी बनणाऱ्या वस्तू त्याने शोधल्या. लग्नाच्या मांडवात आपण मांडतो, तसली पांढरी प्लास्टिकची खुर्ची घेतली. तिला लोखंडी सांगाडा जोडला. मागे डोंगरी सायकलची दोन चाकं, पुढे दोन छोटी फिरती चाकं. झाली व्हीलचेअर, आणि तीही पन्नास डॉलरच्या आत.

२००१ साली त्याच्या चर्चचं एक वैद्यकीय पथक भारतात येणार होतं. त्यांच्याबरोबर तो अशा चार खुर्च्या घेऊन चेन्नईला आला. पहिली खुर्ची मिळाली ती सेरेब्रल पाल्सी असलेल्या एका अकरा वर्षांच्या मुलाला. त्यालाही आईबाप उचलूनच आणत होते. हे वाचताना माझ्या वर्गातला मुलगा डोळ्यांसमोर आला नसता तरच नवल.

त्याच वर्षी 'फ्री व्हीलचेअर मिशन' ही संस्था स्थापन झाली. खुर्चीचे भाग चीनमध्ये बनायचे, सुटे भाग कंटेनरमध्ये दाटीने भरून जहाजाने जायचे आणि त्या त्या देशातल्या संस्था साध्या हत्यारांनी ते जोडून वाटायच्या. आजवर या मिशनने नव्वदहून अधिक देशांत दहा लाखांहून जास्त खुर्च्या पोहोचवल्या आहेत.

बदल्यात काय?

आता सहकाऱ्याच्या टोमण्याकडे वळू. या बाबतीत सगळ्या मिशनना एकाच मापाने मोजता येत नाही. फ्री व्हीलचेअर मिशन स्वतःला ख्रिस्ती श्रद्धेवर उभी असलेली संस्था म्हणवते, आणि खुर्ची देताना धर्म पाहत नाही असंही सांगते.

दुसरं उदाहरण जोनी एरिक्सन टाडा यांचं. १९६७ साली, किशोरवयात, अमेरिकेतल्या चेसापीक खाडीच्या उथळ पाण्यात सूर मारताना त्यांची मान मोडली. तेव्हापासून त्या स्वतः व्हीलचेअरवर आहेत. १९७९ साली त्यांनी 'जोनी अँड फ्रेंड्स' ही संस्था काढली. १९९४ पासून ही संस्था अमेरिकेत वापरून झालेल्या व्हीलचेअर गोळा करते, तिथल्या तुरुंगांतले कैदी त्या दुरुस्त करतात, आणि मग त्या इतर देशांत पाठवल्या जातात. तिथे फिजिओथेरपिस्ट प्रत्येक माणसाला तपासून त्याच्या शरीराप्रमाणे खुर्ची बसवून देतात. आणि हो, ही संस्था खुर्चीसोबत बायबल आणि येशूचा संदेश देते. ती हे लपवत नाही, हाच आमचा हेतू आहे असं उघड सांगते.

मुसलमान म्हणून मला हे कसं वाटतं? खरं सांगायचं तर अवघड वाटतं. ज्याला दुसरा आधारच नाही, त्याच्यासमोर एका हातात खुर्ची आणि दुसऱ्या हातात धर्मग्रंथ धरला तर त्याची निवड किती मोकळी राहते? हा प्रश्न विचारायलाच हवा. पण तो विचारण्याचा हक्क आपण कधी कमावतो? आपण खुर्ची घेऊन तिथे उभे असतो तेव्हा. आपले हात रिकामे असतील तर आपला आक्षेप त्या अम्मीच्या कंबरेच्या काय उपयोगाचा? आणि शिबिरात फोटो काढून घेणारे आम्ही बदल्यात काही घेत नव्हतो का?

वेल्लोरची डॉक्टर

चेन्नईत त्या चार प्लास्टिकच्या खुर्च्या उतरल्या, त्याच्या कितीतरी आधी तमिळनाडूतच मिशनच्या एका रुग्णालयात व्हीलचेअरचा वेगळा इतिहास घडला होता. चेन्नईपासून दीडशे किलोमीटरच्या आत वेल्लोर आहे. तिथलं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आपल्यापैकी अनेकांना ऐकून माहीत असेल.

त्याची संस्थापक आयडा स्कडर ही मिशनरी डॉक्टरचीच मुलगी. मिशनच्या कामात पडायचं नाही, असं तिने तरुणपणी ठरवलं होतं. तिच्याविषयी सांगतात की तिंडिवनममध्ये एका रात्री तिघे नवरे एकामागून एक दारात आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडल्या होत्या, आणि तिघांनाही पुरुष डॉक्टर चालणार नव्हता. आयडा स्वतः तेव्हा डॉक्टर नव्हती. सकाळपर्यंत तिघी बायका गेल्या. त्या तिघांतला एक मुसलमान होता. त्यानंतर आयडा अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाली आणि १९०० साली वेल्लोरला तिने एका खाटेचा दवाखाना सुरू केला. १९१८ साली तिथे स्त्रियांसाठी वैद्यकीय शिक्षण सुरू झालं.

१९४६ साली या संस्थेत डॉ. पॉल ब्रँड नावाचे सर्जन आले. कुष्ठरोग्यांची बोटं का झडतात, याचा त्यांनी छडा लावला. बोटं रोगामुळे आपोआप गळून पडत नव्हती. नसा बधिर झाल्याने रुग्णाला वेदनाच कळत नव्हती. चटका बसला तरी कळत नाही, बूट चावला तरी कळत नाही, आणि जखम चिघळत जाते. म्हणून शस्त्रक्रियेने वाकडे हात सरळ करण्याइतकंच मऊ रबराच्या, पायाच्या मापाच्या चपलांनाही त्यांनी महत्त्व दिलं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

याच कॉलेजात मेरी वर्गीस नावाची केरळची एक तरुण डॉक्टर होती. १९५४ सालच्या जानेवारीत सहकाऱ्यांबरोबर सहलीला जाताना गाडीला अपघात झाला. तिचा पाठीचा कणा दुखावला आणि कमरेखालचं शरीर कायमचं लुळं पडलं. वय अठ्ठावीस. आपल्याकडे अशा मुलीचं काय झालं असतं ते सांगायला नको. पण ब्रँड यांनी तिच्यासमोर एक विचार ठेवला. हाताची शस्त्रक्रिया बसूनही करता येते. मग ती व्हीलचेअरवर बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया करू लागली. बोटं न उघडणाऱ्या माणसांची बोटं उघडून देणारी सर्जन स्वतः उभी राहू शकत नव्हती.

पुढे तिने ऑस्ट्रेलियात स्वतःचं पुनर्वसन करून घेतलं आणि न्यूयॉर्कला डॉ. हॉवर्ड रस्क यांच्या संस्थेत पुनर्वसनशास्त्राचं शिक्षण घेतलं. परत आल्यावर १९६३ साली वेल्लोरमधल्या पुनर्वसन विभागाची ती प्रमुख झाली. १९६६ साली तिथे स्वतंत्र पुनर्वसन केंद्र उभं राहिलं. कणा मोडलेले रुग्ण तिथे यायचे तेव्हा समोरची डॉक्टर त्यांच्यासारखीच खुर्चीत बसलेली असायची. १९७२ साली तिला पद्मश्री मिळाली. १९८६ साली ती वारली.

मिशनच्या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच. इथे खुर्चीत बसलेली व्यक्ती घेणारी राहिली नाही. ती विभाग चालवणारी झाली.

फुकट खुर्चीची किंमत

आता ब्रँड यांच्या बधिर पायांकडे परत येऊ. कणा दुखावलेल्या माणसाचे पाय चालत नाहीत एवढंच आपल्याला दिसतं. त्याला बैठकीखालचं काही जाणवत नाही, हे दिसत नाही. तुम्ही-आम्ही बसल्या जागी दर काही मिनिटांनी नकळत सरकतो, कारण दुखतं. त्याला दुखत नाही, म्हणून तो सरकत नाही. कडक प्लास्टिकवर गादीशिवाय तासन् तास बसला तर कातडीचा रक्तपुरवठा तुटतो, जखम होते, ती हाडापर्यंत जाते. अशा जखमांनी माणसं दगावतात. म्हणजे चुकीची खुर्ची ही नुसती गैरसोय नाही, ती जीव घेऊ शकते. आणि सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला पाठीला, मानेला आधार नसेल तर तो खुर्चीत एका बाजूला कलतो आणि वाकलेला कणा आणखी वाकत जातो.

प्लास्टिकच्या खुर्चीवर टीका झाली ती यासाठीच. एकाच मापाची खुर्ची सगळ्यांना कशी चालेल? टीका एकट्या मिशनवर नव्हती. २००५ साली कोलकात्यातल्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दान म्हणून मिळालेल्या, रुग्णालयात असतात तसल्या व्हीलचेअरचं पुढे काय झालं, हे त्यांनी तपासलं. निम्म्याहून जास्त लोकांनी खुर्ची वापरणं सोडून दिलं होतं. कारणं साधी होती. दुखतं, दमायला होतं, घरात आणि आसपास ती चालवायला जागा नाही. त्या अभ्यासाच्या शीर्षकातच अशा दानाला निरुपयोगी परोपकार म्हटलं आहे. माझ्या डोळ्यांसमोर कपडे वाळत घातलेली ती तीनचाकी आली.

२००८ साली जागतिक आरोग्य संघटनेने कमी साधनं असलेल्या देशांसाठी व्हीलचेअर पुरवण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांचं सार असं. खुर्ची वापरणाऱ्याच्या शरीराला आणि तो राहतो त्या जागेला जुळली पाहिजे, बसताना नीट आधार मिळाला पाहिजे, ती सुरक्षित आणि टिकाऊ हवी, आणि बिघडली तर परवडेल अशा खर्चात जवळपास दुरुस्त झाली पाहिजे. आधी तपासणी, मग माप, मग जुळवणी, मग वापरण्याचं शिक्षण, आणि नंतरही विचारपूस. या पायऱ्यांशिवाय खुर्ची वाटणं म्हणजे डोळे न तपासता चष्मे वाटणं.

इथे मिशनच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्यांनी टीका ऐकली. पुढे त्यांनी वेगवेगळ्या मापांची, हवी तशी जुळवता येणारी, गादी असलेली दुसरी खुर्ची बनवली आणि नंतर घडी होणारी तिसरी. वाटणाऱ्यांना प्रशिक्षण देणं सुरू केलं. दहा लाख खुर्च्यांच्या आकड्यापेक्षा मला हा बदल मोठा वाटतो. चांगल्या हेतूने केलेलं काम अपुरं होतं हे मान्य करणं धार्मिक माणसाला सर्वांत जड जातं, मग तो कोणत्याही धर्माचा असो.

आपल्या घरातला इतिहास

आता आपल्याकडे पाहू. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्म मक्तूम (रजि.) यांना दिसत नव्हतं. एकदा पैगंबर (स.अ.व.) कुरैशच्या सरदारांशी बोलत असताना ते प्रश्न घेऊन आले. बोलण्यात खंड पडला म्हणून पैगंबरांच्या कपाळावर आठी आली. त्यावर सूरह अबसा उतरली आणि मोठ्या लोकांसाठी शिकण्याची ओढ असलेल्याकडे दुर्लक्ष करू नये ही शिकवण कायमची कुरआनात नोंदली गेली. हा प्रसंग आपण सगळ्यांनी मदरशात ऐकला आहे. पण त्याच्या पुढचा भाग कमी सांगितला जातो. हेच इब्न उम्म मक्तूम मदिनेत अजान देत, आणि पैगंबर मदिनेबाहेर जात तेव्हा अनेकदा मागची जबाबदारी त्यांच्यावर सोपवून जात. दिसत नसलेल्या माणसाच्या हाती शहर!

इतिहासकार तबरी सांगतात की उमय्यद खलिफा वलीद बिन अब्दुल मलिक यांनी (कारकीर्द ७०५ ते ७१५) कुष्ठरोग्यांना भत्ता बांधून दिला, भीक मागू नका म्हणून सांगितलं. चालता न येणाऱ्याला सेवक आणि अंधाला वाट दाखवणारा नेमून दिला. सरकारी खर्चाने. म्हणजे ही शिकवण आपल्याला कोणत्या मिशनकडून उसनी घ्यायची नाही. ती आपल्या घरातच होती, आपण तिच्यावर कपडे वाळत घातले.

आज मात्र आपल्या किती मशिदींत चाकाची खुर्ची आत जाते? वजूखान्यापर्यंत पोहोचते? जकातीतून व्हीलचेअर घेऊन गरजूच्या मालकीची करून देता येते. मशिदीचा उतार जकातीतून बांधता येत नाही, असं आपल्याकडचे हनफी उलेमा सांगतात, कारण तो कोणा गरजूच्या मालकीचा होत नाही. पण त्यासाठी सदका आहे, चंदा आहे. मिनारासाठी आपण तो जमवतोच.

त्या मुलाचं काय झालं, ते सांगून थांबतो. टेप घेऊन मी आणि त्याची अम्मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी कमरेची रुंदी, मांडीची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं अंतर मोजलं, आमच्या गल्लीची रुंदीही विचारली. दोन जणांच्या जकातीतून त्या मापाची, पाठीला आधार असलेली खुर्ची आली. शाळेच्या दारात दोन पायऱ्या, मिळून एक फूट उंची. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार लागतो, हेही तेव्हाच शिकलो. तो आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून बांधला. टोमणा मारणाऱ्या सहकाऱ्यांनी सिमेंट दिलं.

आता तो सातवीत आहे. वर्गाची हजेरी तोच घेतो. नावं सावकाश घेतो, वेळ लागतो, पण मुलं थांबतात. तीनचाकी आम्ही एका प्रौढ माणसाला दिली, त्याच्या हातांत जोर आहे.

मशिदीच्या पाच पायऱ्या अजून तशाच आहेत. कमिटीला अर्ज दिला आहे, दोन बैठका झाल्या, तिसरी ईदनंतर आहे. तोवर जुम्याला त्याचे मामू त्याला उचलून आत नेतात. तुमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीला किती पायऱ्या आहेत? या शुक्रवारी मोजा आणि मला कळवा.